तळणीचं तेल

लॉकडाऊन नुकता उठला होता, पण ऑफिसांची कॅन्टीन आणि क्लब अजून ओसच होते. कोणी काही तळतच नव्हतं, आणि नवऱ्याचा कारखाना नेमका तळून उरलेल्या तेलावर चालायचा. ते गाळून युरोपात पाठवायचं. तिथे त्याचं डिझेल होतं आणि त्यावर ट्रक धावतात. त्याच्या शिफ्ट निम्म्यावर आल्या. नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता. हे मी इथे परदेशात, आमच्या पेंडल हिल उपनगरात, कोणाला कळू दिलं नव्हतं. माझा ताठा मोठा.

घराघरांतून तेल मिळतं हे दाखव, तुझी जागा राहील, असं बॉस त्याला म्हणाला. दिवाळी तोंडावर होती. मी लगेच मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "फराळाचं उरलेलं तेल टाकू नका, आम्हाला द्या. युरोपात त्यावर ट्रक चालतात!"

शनिवारी पोर्चमध्ये पिशव्या जमू लागल्या. बेल न वाजवता ठेवून जायची सवय अजून सुटली नव्हती. मी हरखून पहिली पिशवी उघडली. आत सीलबंद तेलाचा कॅन, वर चकल्यांचा डबा. दुसरीत तेल, तांदूळ आणि तूरडाळ. तिसरीतलंही सील तसंच. एकीनेही काळं तेल दिलं नव्हतं.

मी मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीला फोन केला. "अगं, वापरलेलं मागितलं होतं मी!"

"वापरलेलं कसं देणार गं कोणाला? आणि उरतं कुठे, फोडणीलाच जातं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याच्या शिफ्ट कमी झाल्यात ते कळलंय सगळ्यांना. तू ट्रकबिकचं निमित्त केलंस, बरं केलंस. ठेव गं, नो वरीज."

माझे कान तापले. निमित्त नव्हतं, खरंच ट्रक चालतात, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण पटणार कोणाला? मंडळात पैठणी नेसून मिरवणारी मी, आणि माझ्या दारात शिधा! लाजेने मला पुन्हा पोर्चमध्ये जाववेना.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून ड्रम घेऊन आला. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "परत करू या. आत्ताच्या आत्ता."

ड्रम दारातच ठेवून, एक कॅन उचलून तो किचनमध्ये गेला. ओट्याखालचा आमचा कॅन त्याने हलवून पाहिला. तो रिकामा होता. गेले कित्येक दिवस मी भाज्या तेलाशिवाय वाफवत होते आणि त्याला सांगत होते, डाएट आहे.

"आज डाएट नको," तो म्हणाला आणि त्याने सील फोडलं.