पाचशे मीटरच्या आतली बाग

पैठण रोडनं चितेगाव मागं टाकलं की आत चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. मी मात्र शहरात, गारखेड्याला दोन खोल्यांत राहायचो आणि एका सरकारी कचेरीत कारकुनी करायचो. विहिरी आणि बोअरच्या परवानगीचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. अर्जात खोट सापडली की मला बरं वाटायचं, हे आज सांगताना लाज वाटते. नकाशा नाही, जा परत. सातबारा जुना, जा परत. लोक मला कडक म्हणायचे आणि मी ते कौतुक समजायचो.

गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर आमच्या शेतात आहे. ती जागा मायनं दिली. वडील गेल्यावर जमीन तिच्या नावावर झाली होती. गावाला नळयोजना मंजूर झाली, तपासणीत पाणी दाखवलं ते नेमकं आमच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात. सरपंच आणि ग्रामसेवक विचारायला घरी आले. मायनं चुलीवर चहा ठेवला आणि त्याला उकळी फुटायच्या आत हो म्हणून टाकलं. माझ्या जन्मानंतर बाराव्या दिवशी डोक्यावर दोन घागरी घेऊन वाळूतल्या झऱ्यावर गेलेली बाई ती. तिला कसला विचार करायचा होता?

दानपत्र मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांनी मलाच बसवलं. ग्रामसेवक भला माणूस. तो म्हणाला, "काकी, एक ओळ टाकू का? हिरीला जास्तीचं पाणी असलं तर तुमच्या बागंला घेता येईल."

माय भडकलीच. "दिलं म्हनलं की दिलं. वाढलेल्या ताटातून आपनच घास उचलायचा, असं असतंय व्हय?"

आमच्याकडं तशी रीतच आहे. देवाला सोडलेला वळू कुणी औताला धरत नाही, आणि गावाला सोडलेल्या वस्तूवर घरच्यांनी पुन्हा हक्क सांगायचा नाही. मी ती ओळ टाकली नाही. मायनं अंगठा उठवला. त्या दिवशी ती शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं नवं लुगडं नेसली होती.

खरी गोष्ट पुढंच आहे. पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर असली, की तिच्यापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा कायदा माझ्या टेबलाच्या खणात होता. लिहिताना तो आठवलाच नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. आठवला होता. पण आमच्या बागेची जुनी विहीर तेव्हा काठोकाठ होती. मायच्या चांगल्या कामात आपण कशाला शिंकायचं, असं वाटून मी गप्प बसलो.

बाग म्हणजे दादाची मोसंबी. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो शिकला नाही, कारण मी शिकलो. अडीचशे झाडं त्यानं लेकरासारखी वाढवली. प्रत्येक झाडाचं आळं तो हातानं सारखं करायचा, मजुरावर सोडायचा नाही. झाडं नुकती फळावर आली होती आणि लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. जुन्या विहिरीचा तळ दिसायला लागला. बोअर घेतल्याशिवाय बाग राहत नव्हती.

लोक त्याला म्हणाले, परवानगी-बिरवानगी कोण मागतंय, गाडी बोलवायची अन् मारायचं भोक. शिवारात सगळे तेच करत होते. दादा म्हणाला, "मपला भाऊ कचेरीत हाय. मी चोरून काहून घेऊ?" त्याला माझा फार अभिमान होता. पारावर बसून तो लोकांना माझे नियम सांगायचा. त्यानं रीतसर अर्ज केला, सगळे कागद जोडून. आख्ख्या वर्षात माझ्या टेबलावर आलेला तो एकच अर्ज असा होता की ज्यात खोट नव्हती.

मोजणीला साहेब आले, दोन शिपाई आले, मीही आलो. गावाच्या विहिरीच्या कठड्यापासून बागेच्या वरच्या बांधापर्यंत टेपच्या टप्प्याटप्प्यानं, सरळ रेषेत चारशे एकाहत्तर मीटर भरलं. आमचं शेत तिथंच संपत होतं. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि मला बाजूला घेतलं. "बांधाबांधानं वळत मोजलं तर पाचशेच्या वर जाईल. पुष्कळ ठिकाणी तसंच मोजतात. तुम्ही घरचेच आहात, तुम्ही सांगा."

शेवटच्या टप्प्याला दादा टेपचं दुसरं टोक धरून वरच्या बांधावर उभा होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण तो माझ्याकडंच बघत होता.

मी म्हणालो, "सरळच धरा साहेब."

तो प्रामाणिकपणा होता का? थोडा होता. गावाच्या पाण्याची काळजीही थोडी होती. पण जास्त करून भीती होती, की शिपाई उद्या कचेरीत सांगतील, भावासाठी टेप वाकडा धरला म्हणून. मी हात वर करून दादाला खूण केली. सैल वाटला म्हणून त्यानं टेप आणखी ताणला. आपलाच अर्ज बुडवायला तो बिचारा मदत करत होता.

टंचाईचं वर्ष होतं, अर्ज नामंजूर झाला. जावक रजिस्टरात ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

दादा महिनाभर बैलगाडीवर टिपाडं लादून लांबून पाणी आणत होता. मग बैल थकले. मोसंबीला पाणी तुटलं की मरायच्या आधी ती फुलून येते. मी एका रविवारी गेलो तर सगळी बाग पांढरी झालेली, बांधापर्यंत वास. मला वाटलं, वाचली. दादा म्हणाला, "लई फुलली बघ." त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा फांद्यांची मोळी अंगणात रचलेली होती आणि दादा चितेगावच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला होता. मला तो एक शब्द बोलला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं बोअर घेतलं. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, अर्ज नाही, परवानगी नाही, चांगलं खोल. पंधरा दिवसांत गावाच्या विहिरीला गढूळ पाणी यायला लागलं, मग मोटार नुसती हवा ओढायला लागली. मी संतापलो. रात्र-दिवस त्याच विचारात होतो. तक्रारअर्ज लिहिला, कलमासकट, आणि सरपंचाची सही घ्यायला गावी गेलो.

शेजाऱ्यानं बोअरचा पाइप रस्त्यापर्यंत आणून सोडला होता. आख्खं गाव घागरी घेऊन रांगेत. फुकट पाणी, सकाळपासून दुपारपर्यंत. रांगेत माय होती. शेजारी तिला बघून पुढं आला. "काकी, तुमी काहून थांबलात? या, आधी तुमची घागर." मायनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. वाटेत मला म्हणाली, "लई देवमानूस हाय रं. कुनाला नाय म्हनत नाय."

पाळी संपवून दादा घरी आला तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. अंगात वॉचमनचा निळा शर्ट. मी त्याला कागद दाखवला. तो हळूहळू, बोट ठेवून वाचत गेला.

"समदं खरं हाय?"

"खरं आहे."

"मंग दे की."

"दिला तर त्याचं बोअर सील करतील. मग गाव काय पिईल?"

दादानं कागदाची घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आवाज चढवला नाही.

"बागंच्या वक्ताला असं नाय इचारलंस."

आतून मायनं पाण्याचा तांब्या आणला आणि आमच्या दोघांच्या मधी ठेवला. दादा उठून आत गेला. मला तहान लागली होती. मी ते पाणी प्यालो.