शेडमधून आलेली विचारणा

पिकत घातलेल्या केळीचा वास आला की सावद्याची ती दुपार आठवते. तिथल्या एका केळी-व्यापाऱ्याच्या ऑफिसासाठी मी जावा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामच्या पोटातच, आलेल्या विचारणेला उत्तर देणारा छोटा वेब सर्व्हर होता. केळीची शेड सांभाळणारे नाना तिथल्या कॉम्प्युटरवरून भाव विचारत, ऑफिसात माझ्या स्क्रीनवर ‘शेड: भाव?’ उमटे, उत्तर आल्याशिवाय ते ट्रक भरू देत नसत. नाना वारले, शेडला कुलूप लागलं, तो कॉम्प्युटर वायर गुंडाळून माझ्याच टेबलाखाली आला. तरी एका दुपारी ओळ उमटली: ‘शेड: भाव?’ मी सर्व्हर बंद करायला गेलो, तर मालक आबांनी मनगट धरलं. “भाव सांग नानाले. त्याबिगर तो गाडी भरू देत नाई.” मी त्या दिवसाचा भाव टाकला. थोड्या वेळानं बंद शेडकडून भरलेल्या ट्रकचा मागचा फाळका लावल्याचा धाडकन आवाज आला. आता माझे सर्व्हर दिवसभर कुणाकुणाला उत्तरं देतात. विचारतंय कोण, हे मी पाहत नाही.