काचेच्या कपाटातल्या नव्या टेप

"उडवून टाका," बोकडे साहेब म्हणाले. "टेपवर गेलं न सगळं? मंग डिस्कवरून उडवा."

"आधी टेप वाचून बघते. मग उडवते."

"लिहिली म्हणजे वाचता येणारच नं, मॅडम!"

बोकडे साहेब आमच्या नागपूरच्या कोळसा ऑफिसचे मॅनेजर. कॉम्प्युटरबद्दल त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. त्या खोलीत चपला काढून जायचं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे होता. डिस्क म्हणजे कॉम्प्युटरची रोजच्या वापरातली कोठी. आमची वॉशिंग मशीनएवढी होती आणि गच्च भरली होती. जुन्या वर्षांची माहिती टेपवर, म्हणजे रिळावरच्या चुंबकीय फितीवर, हलवायची आणि डिस्कवरून पुसायची, असं ठरलं. याला मायग्रेशन म्हणतात. त्यात उमरेडकडच्या खाणकामगारांच्या नोंदी होत्या. कोण कधी नोकरीला लागला, किती वर्षं खाणीत उतरला. त्या गेल्या असत्या, तर रिटायर होणाऱ्या माणसाला आपली सगळी नोकरी तोंडी पटवून द्यावी लागली असती. तीही बोकडे साहेबांना.

टेप लिहिणारं-वाचणारं यंत्र, म्हणजे टेप ड्राइव्ह, एकच. रोज संध्याकाळी तो बॅकअपला लागायचा. बॅकअप म्हणजे दिवसभराच्या कामाची टेपवर नक्कल, डिस्क बिघडलीच तर हाताशी असावी म्हणून. साहेबांनी उपाय सुचवला.

"आठवडाभर बॅकअप बंद ठेवा. तेवढ्यात काय बिघडते?"

मे महिना होता आणि एसी रोज दुपारी बंद पडत होता. काय बिघडतं ते मला बघायचं नव्हतं. बॅकअप चालू ठेवला आणि मायग्रेशन दिवसा, थोडं थोडं करायला घेतलं.

आता टेपचा प्रश्न. आमच्याकडे नव्या टेप होत्या. साहेबांच्या केबिनसमोर, काचेच्या कपाटात, कुलपात. त्यांच्या घरीही पाहुण्यांसाठीचा टी सेट असाच काचेत असतो. मी तिथे अनेकदा चहा प्यायले आहे, स्टीलच्या पेल्यातून. ऑफिसात नियम तोच. आधी जुन्या संपवा. पण टेप ही साबणाची वडी नव्हे. ती संपत नाही, झिजते. झिजलेली टेप लिहून मुकाट घेते आणि वाचायच्या वेळी हात वर करते.

आमचे ऑपरेटर बबनराव. त्यांनी आदल्या दिवशी भरलेली टेप वाचायला लावली.

"मॅडम, अर्ध्यात अटकली. वाचूनच नाही राहिली."

"काहून गा बबन?" साहेब आत आले. "काल तं चालत होती!"

"काल लिहून राहिली होती साहेब. आज वाचाले लावली."

"फडक्यानं पुसून लाव."

पुसून लावली. मग पुन्हा. मग साहेबांनी स्वतः, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, ड्राइव्हवर हात ठेवला. टेपवर काही परिणाम झाला नाही.

"डिस्कवरून उडवलं असतं तर?" मी विचारलं.

साहेब एसीकडे बघू लागले.

"नव्या टेप द्या."

"मॅडम, शुक्रवारी डायरेक्टर साहेब येऊन राहिले! कपाट रिकामं दिसन नं."

"नाही दिसणार. चावी द्या."

नव्या टेप ड्राइव्हवर चढल्या. झिजलेल्या टेप धूळ पुसून, नव्या डब्यांत बसून काचेआड गेल्या. एक टेप लिहायची, वाचायची, तिची दुसरी प्रत काढायची, तीही वाचायची, आणि मगच डिस्कवरून तेवढा भाग पुसायचा. गुरुवारपर्यंत डिस्क मोकळी झाली. एकही नोंद गेली नाही आणि एकही बॅकअप चुकला नाही.

शुक्रवारी डायरेक्टर आले. बूट काढून आत गेले, डिस्ककडे ओझरतं पाहिलं आणि बाहेर येऊन कपाटासमोर थांबले.

"वा, बोकडे! याला म्हणतात टापटीप."

साहेबांनी नम्रपणे मान खाली घातली. एवढ्यावर निभावलं असतं.

"आणि इतक्या नव्या टेप शिल्लक आहेत, म्हणजे यंदा टेप मागवायला नकोत," डायरेक्टर म्हणाले. लगेच सेक्रेटरीला तसं सांगितलंही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एसीकडे बघू लागले.

ते वर्ष आम्ही टेपच्या काटकसरीत काढलं. लिहिलेली टेप वाचून पाहिल्याशिवाय मूळ माहिती पुसू नये, हे मी पुढे प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं. साहेबांचं कपाट सजवून देऊ नये, हे मात्र कोणाला शिकवावं लागलं नाही. वर्षभर सगळे बघतच होते.