उधारीचा नवस

संकट आलं की माणूस देवाकडे धावतो. आम्हीही धावलो, पण आमचं धावणं असं की त्यानं संकट आणखी वाढलंच असतं. वर कोणी आपलं ऐकणारा आहे, यावरचा माझा विश्वास तेव्हा पार उडाला होता.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही वरवट बकालला राहायचो. माझे यजमान जवळच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. पगार बेताचा आणि हौस मात्र राजाची. कापसाच्या दिवसांत रस्ते बैलगाड्यांनी भरून जायचे, बाजारात नवा माल यायचा आणि दुकानदार हाका मारायचे, "घेऊन जा ना बाबूजी, पैसे कुठं पळून चालले?" अशी उधारीवर सायकल आली, गजराचं घड्याळ आलं आणि मग तबकड्या वाजवणारा फोनो आला. संध्याकाळी ओट्यावर फोनो लावून हे ऐटीत बसायचे, अर्धी आळी अंगणात जमायची. मी दाराआडून ऐकायची. खोटं कशाला बोलू, ते दिवस फार गोड होते. अजूनही कुठं जुनी तबकडी वाजली की हातातलं काम थांबतं.

पण उधारी कोणाला चुकली आहे? एकाचे द्यायला हे दुसऱ्याकडून आणायचे, दुसऱ्याचे द्यायला तिसऱ्याकडून. याची टोपी त्याच्या डोक्यावर. शेवटी डोकीही संपली आणि टोप्याही. व्याज तेवढं वाढत राहिलं. यांनी बाजारातून जाणं सोडलं, माणूस दिसला की गल्लीत वळायचे. एकदा जेवता जेवता म्हणाले, "कुठं तरी निंघून जावंसं वाटते." तेव्हापासून ते घरी यायला जरा उशीर झाला तरी माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

त्यातच यांच्या मनानं एक घेतलं. लहानपणी यांना देवी आल्या होत्या, तेव्हा सासूबाईंनी नदीकाठच्या मारुतीला रोडगे बोलले होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, देवाला दाखवायचे आणि वांग्याच्या भाजीशी प्रसाद म्हणून खायचे, असा आमच्याकडचा नवस. तो राहून गेला आणि सासूबाईही गेल्या. हे सारं त्यामुळंच होतंय, असं यांनी धरलं. आता नवस फेडायचा, आणि तोही सारा गाव जेवू घालून. सासूबाई गावाबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या, गाव यांनीच जोडला! पैसा कुठून? तर माझ्या आईनं मला घातलेल्या पाटल्या संग्रामपूरच्या सावकाराकडे गहाण ठेवून.

मला रडू आवरेना. हे म्हणाले, "अवं, काऊन रडून राह्यली? देवाचं एकदा फेडलं का बाकीचं आपोआप सुटते, पाह्य." मी पाटल्या उतरवून दिल्या.

त्या शनिवारी आम्ही दोघं संग्रामपूरला निघालो. वाटेत त्याच नदीकाठच्या मारुतीचं दर्शन घ्यायला थांबलो, तर पाराखाली एक अनोळखी जोडपं बसलेलं. एवढीशी आग आणि राखेत पाच रोडगे. यांनी सहज विचारलं, "बाकी मंडळी मागून येऊन राह्यली काय?"

"मंडळी कायची बाप्पा," तो माणूस हसला. "पोराचा ताप उतरला, त्याचे रोडगे हायेत. घरात कणीक एवढीच होती."

"मंग देव रागावत नाही?"

बाईनं रोडग्यावरची राख झटकली. "त्याले काय आमचं घर माईत नाही? घरात नाही ते तो मांगन कायले?"

एक रोडगा मोडून तिनं आमच्या हातावर ठेवला. तूप नव्हतं, भाजी नव्हती. हे तिथंच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग उठून त्यांनी माझा हात धरला, पाटल्या पुन्हा चढवल्या आणि आम्ही घराकडे वळलो. पुढच्या शनिवारी घरातल्याच कणकेचे रोडगे मारुतीला दाखवून आलो. त्या जोडप्याची चौकशी केली, पण कोणालाच काही सांगता आलं नाही. रोज किती तरी लोक येतात, असं पुजारी म्हणाला. तसंही असेल. मी त्यावर वाद घालत नाही.

पुढं हे स्वतः एकेका दुकानात गेले आणि "चुकलं माझं" म्हणाले. फोनो गेला, सायकल गेली, घड्याळ गेलं. जिनात पायी जाऊ लागले. सगळ्यात लहान उधारी आधी फेडली, मग तिच्या वरची. एकानं व्याज सोडलं, एकानं भरबाजारात शिव्या घातल्या. त्या यांनी मान खाली घालून ऐकल्या. नवीन काही आणायचं तर रोखीनं. मीठ संपलं आणि पैसे नसले, तर अळणी खाल्लं. सगळं फिटायला फार वर्षं लागली, पण रात्री यांना झोप मात्र त्या शनिवारपासूनच लागू लागली. देवापुढं मोठं होऊन जायची गरज नाही, आहे तसं जावं, बाकीचं त्याच्यावर सोडावं, एवढंच मी त्यातून शिकले.

हे गेले त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांची उधारी होती ते सारे दुकानदारही आले होते. दाराशी उभं राहून ते रडत होते, आणि त्यांतला एकही काही मागायला आलेला नव्हता. मारुतिराया, तुझे उपकार कसे विसरू?