तीन सेकंद

चौबे कॉलनीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पोरांना ग्रुप डिस्कशन शिकवते. नोकरीच्या निवडीत आठ-दहा जणांना गोल बसवून एका विषयावर बोलायला लावतात, त्याची तयारी. माझा नियम एकच. समोरचा बोलता बोलता अडला की तीन सेकंदांच्या आत घुसायचं. कोणी घुसलं नाही तर मी टेबलावर पेन आपटते. चिडकी आहे मी, पोरांना माहीत आहे.

एका पोट्टीला तिची आई घेऊन आली. "मॅडम, हिच्या बाबाले लकवा झाला. कारखान्यातलं काम सुटलं. ही लेखीत पास होते, पन ग्रुपमध्ये बसवलं की तोंडच उघडत नाही. दोन कंपन्यांनी वापस पाठवलं. आता घर हिच्यावरच आहे."

मला वाटलं, लाजाळू असेल. कशाची लाजाळू! चर्चा संपली की कोण काय बोललं ते सगळं सांगायची, एक मुद्दा सुटायचा नाही. फक्त स्वतः बोलायची नाही. एकदा एक पोरगा वाक्याच्या मध्येच अडकला, तर ही त्याच्याकडे बघत बसली. मी पेन आपटलं.

"काहून थांबून राहिली तू? घूस ना!"

"मॅडम, त्याचं वाक्य व्हायचं आहे अजून."

"त्याचं वाक्य त्याच्या आईले ऐकू दे! तुले नोकरी पाहिजे का नाही?"

पोरं खो-खो हसली. तीही हसली, पण कान लाल झाले होते तिचे. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दीड महिना मी तिच्या मागे लागले. समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायचं, "मतलब आप ये कहना चाहते हैं" म्हणायचं आणि पुढे आपला मुद्दा मांडायचा. शिकली. इतकी शिकली की बाकीची पोरं कुरकुरायला लागली. मग पुण्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली. फोनवर ती रडली, मीही रडले.

पेढे खायला घरी बोलावलं. समता कॉलनीच्या मागे दोन खोल्या. वडील पलंगावर उशीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी चांगला हात उचलला. "मॅ...डम... ही..." आणि थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

"बाबा खूप खूश आहेत मॅडम, तेच सांगून राहिले," पेढ्यांचा डबा उघडत ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, नाही अशी. "ही... गे..."

"हो बाबा, सोमवारी जायचं आहे, सांगितलं मी त्यांना." आणि ती चहा टाकायला आत गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला पाणी देता देता आई सहज म्हणाली, "पहिले ही एकटीच थांबे त्याईच्यापाशी. एका वाक्याले पाच मिनिटं लागले तरी. मले कामातून कुठं एवढा धीर? आता हिलेबी घाई असते." तिच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. पण मला कळलं, पोरीची तोंड न उघडायची खोड म्हणून जी मी पेन आपटून आपटून मोडली, ती या पलंगाशी बसून तिला लागलेली सवय होती.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "बोला भाऊ. मला घाई नाही."

त्यांनी डोळे उघडले. मी थांबले. तीन सेकंद कधीच होऊन गेले. आतून चहाचा वास आला, बाहेर भाजीवाला ओरडत गेला, तरी ते एकेक शब्द ओढून आणतच होते.

"ही... गेल्यावर... माह्यं... कोन... आयकन?"

मी मान वर केली तर ती दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि या वेळी ती मध्ये काहीच बोलली नाही.