मुलांजे डोंगरावरचे माहे अकरा देव

आता तुमाले काय सांगू! पांढरकवड्यात असा माणूस नाई ज्याले मी बनवलं नाई. हॉटेलवाल्याच्या साखरेत मीठ, मास्तरच्या छत्रीत गोखरू, सारं करून झालं. पण मी स्वतः कसा बनलो ते आजवर कोणाले सांगतलं नाई. कप भरा, सांगतो.

माह्या धाकट्या बहिणीचा, कमलीचा नवरा गणपतराव जिनिंगमधला फिटर. एका कंपनीनं त्याईले आफ्रिकेत नेलं. न्यासालँड म्हणत तवा त्या देशाले. साठ-एकसष्टची गोष्ट असंल. चार वर्षं माहेरचं माणूस दिसलं नाई म्हणून कमलीनं पत्र धाडलं, जवायानं तिकीट धाडलं, अन् मी चवथी नापास माणूस बोटीत बसलो. संग बहिणीसाठी कुरोड्या अन् माह्यासाठी बिड्यांचे पुडे. बोटीतलं काही विचारू नका. पोटात काही राह्यलंच नाई.

तिथं गेल्यावर जवाईबापू म्हणाले, तीन दिवस मुलांजे डोंगरावर जाऊ, वर लाकडाच्या झोपड्या हायेत राह्याले. वाट दाखवाले जोसेफ नावाचा तिथलाच एक म्हातारा घेतला. निघतानी जवाईबापू मले वाटेतल्या खुणा समजावून सांगू लागले.

म्या हातच दाखवला. “जवाईबापू, मी केळापूरच्या रानात वाघाच्या मागं हिंडलो. मले डोंगर शिकवता?”

गरीब माणसानं खुणा सांगाचं सोडलं अन् ओझं उचललं. तिथंच गाडी रुळावरून उतरली, पण मले काय माहीत?

मंडळी, तो डोंगर म्हणजे डोंगर नोहे, आभाळाले लावलेली भिंत. जोसेफ अन् जवाईबापू ओझं घेऊन पुढं. कमली, आठ वर्षांची भाची बेबी अन् मी मागं. अर्ध्या तासात माहा भाता फाटला. पण वाघाच्या मागं हिंडलेला माणूस बसन कसा?

तेवढ्यात वाटेवर दगडाचा ढीग दिसला. आपल्या इकडं घाटात नसते का, येणारा-जाणारा एक दगड ठेवते, हात जोडते अन् पुढं जाते? म्या म्हणलं, वा, इथंही आपलाच देव! दगड ठेवला, हात जोडले अन् आरामात बसून बिडी ओढली. देवाजवळ बसलं तर कोण हसन?

मंग मले अक्कल सुचली. जिथं दम लागन तिथं देव. वाटेपासून जरा बाजूले सावलीचा खडक पाहाचा, पाच-सात दगड रचाचे, कमलीले हात जोडाले लावाचं अन् बिडी पेटवाची. एक देव तर कड्याच्या टोकावर बसवला, तिथं वारा मस्त लागे. बेबी मोजून राह्यली होती. वर पोचेस्तोवर अकरा देव झाले.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी उतराले लागलो अन् धुकं आलं. हातभर पुढचं दिसत नोहतं. बेबी थंडीनं काकडली, जोसेफनं तिले खांद्यावर घेतलं अन् ढिगामागून ढीग शोधत निघाला. एका ढिगापासून काटेरी झुडपात. दुसऱ्यापासून उभ्या खडकाशी. पुन्हा मागं. पुन्हा तोच खडक. बेबीचे ओठ निळे पडले. कमली पदरानं तिचे पाय चोळत होती.

मंग आणखी एक ढीग दिसला. जोसेफ त्याच्याकडं चालला अन् एकदम थबकला. त्याच्या पायाखालचा गोटा सुटून खाली गेला. पडल्याचा आवाज लई वेळानं आला.

जोसेफनं बेबीले खाली उतरवलं, ढिगाचा एकेक दगड उलटून पाह्यला अन् मंग दगडातून काहीतरी उचललं. बिडीचं थोटूक! जवाईबापूईले त्यानं आपल्या भाषेत सांगतलं, त्याईनं मले.

“दादा, हा म्हणते, खरी वाट दाखवणाऱ्या ढिगाच्या दगडावर शेवाळ असते. याच्यावर बिडी हाय. इथं बिडी कोण ओढते?”

म्या धुक्याकडं पाह्यलं. बेबी मात्र दात वाजवत बोलली, “मामा, हा तुमचा सातवा देव ना?”

कमलीनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. “दादा, लेकरू मरत होतं माह्यं.”

बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं सोपं झालं. बिडी दिसली का जोसेफ उलट्या बाजूले वळे. माहे थोटकं हुंगत हुंगत दुपारी आम्ही खाली. म्हणजे ते खाली. मले वाटेतला एकेक देव मोडून याचं होतं, जोसेफची ताकीद होती. बांधतानी बसून बांधले होते, मोडतानी कोणी बसू देईना.

साल-दीड सालानं कमलीचं पत्र आलं. माहा राह्यलेला बिडीचा पुडा जोसेफनं डोंगराच्या पायथ्याशी एका ढिगावर ठेवला म्हणे, अन् येणाऱ्या हरेक माणसाले तो दाखवून सांगते, वर असं काही दिसलं का उलटं वळा.

पाहा! गावात माह्या नावाची साधी पाटी नाई, अन् आफ्रिकेत माहा देव झाला. फक्त त्याच्याकडं पाठ करून चालाचं असते.