पाण्याविना अंघोळ

आईला हृदयाच्या ऑपरेशनसाठी मी रेल्वेनं चेन्नईला नेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच डब्यातलं पाणी संपलं.

"राहू दे आज. दुपारी उतरल्यावर अंघोळ कर," मी म्हटलं. तिनं ऐकलं नाही. ओल्या टिश्यूंचं पाकीट उघडून तिनं चेहरा, मान, कानामागची जागा, बोटांच्या बेचक्या सावकाश पुसल्या. केसांच्या मुळांशी पावडर चोळून फणी फिरवली. मध्येच थांबून ती श्वास घ्यायची, आणि मी तिचे ओठ निळे पडत नाहीत ना, ते बघायचे.

"कशाला एवढा आटापिटा, आई?"

"वाटेत काही झालंच, तर परक्यांचे हात लागतील गं. त्यांना किळस यायला नको."

घरात माणूस स्वतःसाठी अंघोळ करतो. प्रवासात मात्र कुणा अनोळखी माणसासाठी स्वच्छ राहतो की काय? मी इतके दिवस नुसते रिपोर्ट सांभाळत होते. ती मनानं केव्हाच पुढे जाऊन, जे बोलायची मला हिंमत नव्हती त्याची तयारी करत होती.

पायांपर्यंत तिला वाकता येईना. मी खाली बसले. तिचे पाय गार लागले. टाचा, घोटे, बोटं मी पुसत राहिले.

"झाले असतील गं आता स्वच्छ," ती म्हणाली.

"थोडं राहिलंय," मी म्हणाले. मान वर केली असती, तर माझा चेहरा तिला दिसला असता.